कॉट बेसिस

लातूरच्या उद्योग भवन परिसरात घरभाड्याचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही आणि मार्चअखेरीला संपतही नाही. ते संपतं मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या पेपरला. २०२४ मध्ये तो रविवार ५ मे रोजी आला, २०२५ मध्ये ४ मे रोजी. संध्याकाळी पेपर सुटला की अंधार पडायच्या आत गल्ल्यागल्ल्यांतून गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, कूलर आणि दोन वर्षांच्या नोट्सनी भरलेली पोती खाली उतरू लागतात. कुणाचा बाप टेम्पो घेऊन आलेला असतो, कुणाचा काका गावाकडची जीप. पुढच्या आठवड्यात त्याच खोल्यांना चुना लागतो आणि दारावर पाटी चढते: ‘रूम भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी’ किंवा ‘कॉट बेसिस, चोवीस तास पाणी’. पाण्याचं आश्वासन पाटीवर लिहावं लागावं, असं या शहरात काय घडलं होतं, ते पुढे येईलच.

जुनं लातूर गंजगोलाईभोवती वसलं. मधोमध गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी त्याची आखणी. आडत, भुसार, डाळीच्या गिरण्या, सोनं-चांदी असा सगळा व्यवहार त्या वर्तुळाला धरून चालायचा. भाड्याची जागा शोधणारा माणूस तेव्हा बहुधा दुकानातला मुनीम असायचा, नाहीतर बदली होऊन आलेला कारकून. आज शहराच्या भाड्याचा काटा गोलाईतून उठून शिवाजी चौकाच्या पलीकडे गेला आहे. उद्योग भवन, सिग्नल कॅम्प, औसा रोड, खाडगाव रोड या पट्ट्याला ऑटोवाले, मेसवाले आणि आईबाप एकाच नावानं ओळखतात: ट्युशन एरिया. हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव, यवतमाळ, सोलापूर, अगदी सीमेपलीकडच्या बीदर जिल्ह्यातूनही दहावी झालेलं पोर घेऊन येणारा माणूस बसस्थानकावर उतरतो तो हेच नाव विचारत.

क्लासचा प्रवेश एका सकाळीत उरकतो. तिथे काउंटर असतं, समुपदेशक असतो, फीचे हप्ते ठरलेले असतात, छापील पावती मिळते. खरी वणवण सुरू होते त्यानंतर. बाप आणि पोरगं मे महिन्याच्या उन्हात जिने चढत-उतरत राहतात. ‘रूम बेसिस’ म्हणजे सगळी खोली घ्यायची आणि पार्टनर आपले आपण शोधायचे. ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोली मालकाची, पार्टनर मालक देईल ते, आपल्या वाट्याला एक लोखंडी कॉट आणि भिंतीतला एक कप्पा. संडास-बाथरूम अटॅच की कॉमन? लाइट बिल भाड्यात की वेगळं? कूलर चालणार का, आणि चालला तर त्याचे महिन्याला किती? पिण्याचं पाणी फिल्टरचं की जार आपला आपण आणायचा? अॅडव्हान्स किती महिन्यांचा, आणि पोर मधेच परत गेलं तर त्यातला किती परत मिळणार? या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर सहसा मिळत नाही. बापही तो दुसऱ्यांदा विचारत नाही, कारण त्याच्या मागे जिन्यात आणखी दोन बाप उभे असतात.

इथे भाव ठरतो तो अंतराचा. पहिली बॅच भल्या सकाळी भरते, शेवटची रात्री सुटते. क्लासपासून जी खोली पाच मिनिटांवर तिचं भाडं जास्त, जी अर्ध्या तासावर तिचं कमी. मुलगी असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो. खालच्या मजल्यावर घरमालकाचं कुटुंब राहतं का, गल्लीत दिवे आहेत का, रात्री नऊनंतर फाटकाला कुलूप लागतं का, हे सगळं पाहून आई होकार देते, आणि त्या होकारासाठी मुलाच्या बापापेक्षा मुलीच्या बापाला जास्त पैसे मोजावे लागतात. मुलींच्या शिक्षणावर बोलताना हा जादा खर्च कुठल्याच हिशेबात येत नाही. तो यायला हवा. ज्या घरात एक मुलगा आणि एक मुलगी पाठोपाठच्या वर्षांत दहावी होतात, तिथे कुणाला लातूरला पाठवायचं आणि कुणाला तालुक्याच्या कॉलेजात घालायचं, याचा निकाल बऱ्याचदा याच फरकावर लागतो.

एवढं करून मिळालेल्या खोलीत टेबल ठेवायला जागा नसते. तीन कॉट लागल्या की मधली फूटभर वाट उरते. त्यामुळे पोरं अभ्यासिकेत खुर्ची घेतात आणि तिचं महिन्याचं भाडं वेगळं देतात. झोपायची जागा एकीकडे, वाचायची दुसरीकडे, जेवायची मेस तिसरीकडे: सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं एक घर असं तीन भाड्यांत विभागलं जातं. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी आईबापांनी फोन करून पोरांना पहिला प्रश्न हाच विचारला असेल: तुझी अभ्यासिका वर आहे की खाली?

हे सगळं एका दिवसात झालं नाही. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होतं. दयानंद महाविद्यालय १९६१ मधलं, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मधलं. शाहूचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात तो या महाविद्यालयांच्या वर्गांत घडला. जादा तास, सरावाच्या प्रश्नपत्रिका, प्रत्येक चाचणीनंतर पोरासमोर बसून केलेली चुकांची चर्चा, आणि हे सगळं पगारी प्राध्यापकांनी ठरल्या वेळेच्या बाहेर केलेलं. बारावीच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या जोडीनं लातूरचं नाव झळकू लागलं आणि शेतकऱ्याच्या, मास्तरच्या, एसटी कंडक्टरच्या पोरांना मेडिकलची वाट दिसली. पुढे यादी बंद झाली, राज्याची सीईटी जाऊन नीट आली, वर्गाचं वजन कॉलेजातून क्लासकडे सरकलं. पण पोरांचा ओघ थांबला नाही, तो वाढतच गेला. त्या ओघासाठी शिकवण्याची व्यवस्था वाढली. राहण्याची व्यवस्था मात्र ज्याच्या त्याच्या गच्चीवर सोडून दिली गेली.

ज्या राजाचं नाव त्या महाविद्यालयाला आहे, त्यानं नेमकं उलट केलं होतं. शाहू महाराजांना कोल्हापुरात फार लवकर उमगलं होतं की खेड्यातल्या पोराला शाळा बंद नसते, शाळेच्या गावात मुक्कामाची जागा बंद असते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं निघाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. संस्थानानं जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदानं दिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळे. सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच धागा पुढे नेला. त्या काळातल्या या माणसांचा क्रम स्पष्ट होता: आधी पोराच्या पाठीला भिंत आणि डोक्यावर छप्पर, मग हातात पुस्तक.

मराठवाड्याच्या वाट्याला निजामाच्या राजवटीत ते भाग्य आलं नाही. शिकायचं म्हणजे हैदराबाद गाठायचं, आणि तिथे कुणी नातलग असेल तरच. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले ते मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या आधारानं. ज्यांना असा मामा नव्हता, ती किती पोरं गावातच राहिली असतील! १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्याच वर्षी औरंगाबादेत बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालयाचं काम उभं केलं. मिलिंदच्या परिसरात वसतिगृहंही आली, कारण तिथे येणाऱ्या पोरांना शहरात कुणी खोली देणार नव्हतं, हे बाबासाहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आज शासन या गरजेकडे पैशानं पाहतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना आली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला ४३,००० रुपये धरले गेले: जेवणाचे २५,०००, निवासाचे १२,०००, निर्वाहाचे ६,०००. योजना चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी पोरं टिकली आहेत. पण निवासाचे १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये. ट्युशन एरियात या पैशांत कॉट मिळत नाही. मग ज्याच्यासाठी योजना आहे तो पोरगा क्लासपासून दूर, शहराच्या कडेला खोली घेतो आणि रोज दोन वेळा चालतो. क्लास, प्रश्नपत्रिका, शिक्षक, सगळं त्याला आणि क्लासजवळ राहणाऱ्याला सारखं मिळतं. चालण्यात गेलेला वेळ मात्र त्याला एकट्यालाच भरून काढावा लागतो.

खोलीचं भाडं परवडत नाही, मेसचं जेवण पोराला सोसत नाही, तेव्हा बरीच घरं एक वेगळाच मार्ग काढतात. आई येते. या शहराच्या भाड्याच्या गोष्टीत तिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहायला हवं, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं. एक खोली, तिच्यातच ओट्यापुरती कडप्पा फरशी, एक गॅस, एक पंखा. गावाकडे सोयाबीन काढायला बाप आणि आजी, इकडे बारावीचं लेकरू आणि आई. काही घरांत आईऐवजी आजी येते, कारण आईवाचून शेत चालत नाही. दोन वर्षं हे कुटुंब दोन चुलींवर जगतं. महिन्यातून एकदा बाप ज्वारीचं पीठ, डाळ, तिखट, शेंगा घेऊन एसटीनं येतो. एक मुक्काम करतो, आणि खोलीत पोराचा अभ्यास मोडू नये म्हणून रात्री गच्चीवर झोपतो.

गावात या बायांना घर, अंगण, माणसं, कामाला हात होते. इथे पोर क्लासला गेलं की बारा तास त्या एका खोलीत असतात. त्यामुळे जिन्यात बसून त्यांची ओळख होते. हिंगोलीची बाई किनवटच्या बाईला विचारते, ‘तुमचं लेकरू कितवीला?’ आणि दुपारपर्यंत पापडाचं पीठ एकत्र मळलं जातं. पुढे एकीनं दोन-चार जादा डबे करायला सुरुवात केली की दुसरीही करते. ट्युशन एरियातल्या कितीतरी डबेवाल्या मावश्या अशाच आल्या: स्वतःच्या लेकरासाठी खोली घेतली, खोलीचं भाडं निघावं म्हणून दुसऱ्यांच्या लेकरांना जेवू घातलं. लेकरू एमबीबीएसला लागून गेलं तरी काहीजणी परत गेल्या नाहीत. त्यांनी त्याच्या धाकट्या भावाला आणलं, मग पुतण्याला. लातूर पॅटर्नचं श्रेय वाटायचं असेल तर प्राध्यापकांच्या शेजारी या बायांची नावं यायला हवीत. पण भाडेकरारावर नसतात तशी ती कुठल्या सत्काराच्या पत्रिकेवरही नसतात.

आता पाणी. मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणी घेऊन पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. मागाहून पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. या गाडीचं ‘जलदूत’ हे नाव देशभर गेलं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराच्या बाजूनं तो उन्हाळा पाहिला की दुसरीच गोष्ट दिसते. शहराच्या नळाला पाणी आलं तर ते घरमालकाच्या हौदात येतं. खोलीवाल्याच्या नावानं कुठलंच कनेक्शन नसतं, रेशनकार्ड गावाकडचं, आधारवरचा पत्ता गावाकडचा. प्रभागात टँकर आला तर रांगेत त्याची ओळख कशावरून पटवायची? बोअर आटले, मालकांनी बादल्या मोजून दिल्या, पोरं एक दिवसाआड अंघोळ करू लागली. ज्यांना शक्य होतं त्यांना आईबापांनी परत बोलावलं. परीक्षेच्या तोंडावर खोल्या रिकाम्या झाल्या त्या नापास होण्याच्या भीतीनं नव्हे, तर हौदाच्या तळानं.

तेव्हापासून लातुरात खोली पाहणारा जाणता माणूस भिंती नंतर पाहतो, आधी विचारतो: बोअर किती फुटांचा आहे, उन्हाळ्यात चालतो का, हौद किती हजार लिटरचा, टँकर लागला तर त्याचे पैसे कोण देणार?

हे प्रश्न तोंडी विचारले जातात आणि तोंडीच मिटतात, इथेच सगळ्या गोष्टीची गाठ आहे. मराठवाड्यात भाड्याचा कायदा काही नवा नाही. हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा इथे लागू होता. मुंबईकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भात आणखी तिसरा. हे तिन्ही गुंडाळून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा करार लेखी हवा, नोंदणी केलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातील. कलम २९ म्हणतं की मालकानं भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे तोडता कामा नयेत. किती जपून लिहिलेला कायदा आहे हा! जिन्यातल्या दिव्याचीही त्याला आठवण आहे.

पण कॉट बेसिसवरचं पोर या कायद्यात नेमकं कुठे बसतं? कायद्यात ‘पेईंग गेस्ट’ म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग परवान्यानं वापरणारा, घरचा नसलेला माणूस. ट्युशन एरियात बरेच मालक दुसऱ्या कॉलनीत राहतात आणि इमारतीवर एक वॉचमन असतो. शिवाय राहणारा सोळा वर्षांचा. १८७२ च्या करार कायद्यानुसार तो करारच करू शकत नाही, तो बापाला करावा लागेल. बाप तर संध्याकाळच्या गाडीनं गावी परतलेला असतो. परिणामी दोन वर्षं ज्या जागेत एक पोर झोपतं, त्या जागेवर त्याच्या नावाचा एकही कागद नसतो. वहीच्या पानावर मालकानं लिहिलेली रक्कम आणि खाली सही, एवढाच पुरावा. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक लागतो, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, आणि सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. कॉटच्या हिशेबात ही रक्कम मोठी वाटते, पण एका खोलीतल्या तिघांत ती वाटली तर अडवून धरावी अशी नाही. अडतं ते सवयीपाशी, आणि काही अंशी करापाशी.

करावरून आठवण झाली. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं ठरवलं की माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या वसतिगृहातल्या मुक्कामाला कर नको. निर्णय योग्यच झाला. मात्र दिल्लीतल्या कागदावर पोरांच्या खोलीची नोंद झाली ती अशी, कराच्या रकान्यात. खोलीत खिडकी आहे का, जिना एकच आहे का, हे पाहणारा रकाना अजून कुणी उघडलेला नाही.

कागद नसला की मालकाच्या मनाला कायद्याची जागा मिळते. फाटकातच विचारलं जातं, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ हे दोन प्रश्न मराठवाड्यात साधे नसतात, विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं. उत्तर ऐकून काही दारं लगेच उघडतात. काही ठिकाणी खोली ‘कालच गेली’ असं कळतं आणि संध्याकाळी पाटी तशीच लटकलेली दिसते. मुस्लिम पोराला, बौद्ध पोरीला हे नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी सहकाऱ्यांबरोबर दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत छापून आला. सारखीच ऐपत, सारखंच शिक्षण, तरी आडनाव बदललं की घरमालकाचं उत्तर बदलतं, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. लातूर-नांदेडात असा अभ्यास कुणी तरुणानं हाती घ्यावा. दहावीला नव्वद टक्के मिळवून आलेल्या पोराला शहरानं दिलेली पहिली परीक्षा आडनावाची असावी, हे या शहराच्या कीर्तीला शोभत नाही.

घरमालकांची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं न्यायाचं होणार नाही. यातले पुष्कळजण धनाढ्य नाहीत. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गावची चार एकर विकून प्लॉट घेतलेले शेतकरी. खाली स्वतः राहायचं आणि वरच्या दोन मजल्यांवर खोल्या काढायच्या, कर्जाचा हप्ता भाड्यातून भरायचा, असा त्यांचा हिशेब. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एका आठवड्यात वरचे मजले रिकामे झाले. पोरांचं सामान कुलपात, भाडं थकलेलं, हप्ता चालू. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं मालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला आणि कुणाला बाहेर न काढायला सांगितलं. पोरांच्या दृष्टीनं ते आवश्यकच होतं. पण मालकाला बँकेत दाखवायला कागद नव्हता, आणि पोराच्या बापाला भाडं माफ करा म्हणायलाही नव्हता. कुणी अर्धं घेतलं, कुणी सोडून दिलं, कुणी अॅडव्हान्स वळता करून घेतला. लेखी करार दोघांनाही राखतो, हे त्या वर्षानं लातूरला शिकवलं. आजारी पडलेल्या पोराला रात्री दोन वाजता स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणारे काका आणि परीक्षेच्या सकाळी दही-साखर हातावर ठेवणाऱ्या काकू इथे घरोघर आहेत. त्यांचा चांगुलपणा खराच आहे, म्हणून तर त्याच्या जोडीला कागद असावा.

राजस्थानातल्या कोटा या क्लासच्या शहराचं उदाहरण लातूरला नेहमी भीती म्हणून दाखवलं जातं. तिथे पोरांनी जीव दिले, वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश २०२३ मध्ये निघाला, हे सगळं खरं आहे आणि मन विदीर्ण करणारं आहे. पण त्याच कोट्यात २०२४ च्या अखेरीला जिल्हा प्रशासनानं वसतिगृहांनी अनामत घेऊ नये असं ठरवलं. म्हणजे प्रशासनाला मनात आणलं तर खोलीच्या दारापर्यंत जाता येतं.

नांदेडची गोष्ट याच अंगानं पाहण्यासारखी आहे. गेल्या काही वर्षांत श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर, वर्कशॉप कॉर्नर हा पट्टा लातूरच्या ट्युशन एरियाचा जुळा भाऊ झाला आहे. पण नांदेडच्या भाडेबाजारात एकटी पोरंच नाहीत. डॉक्टर लेनमध्ये शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या माणसाचे नातलग पंधरा-वीस दिवसांची खोली शोधतात. आदिलाबाद-किनवटकडून आलेले कामगार गोदावरीपलीकडे सिडको-हडकोत स्वस्त घर पाहतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरातून विष्णुपुरीला गेलं तशी रुग्णांची आणि नातलगांची खोल्यांची मागणीही तिकडे सरकली. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठही त्याच बाजूला असल्यानं एकेकाळचं नदीकाठचं गाव आता चारचारजणांच्या खोल्यांनी भरलं आहे.

आणि याच शहरात माणसाला विचारपूस न करता निवारा देण्याची शतकांची रीत आहे. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात देशोदेशीचा माणूस उतरतो, लंगरात जेवतो, त्याला आडनाव कुणी विचारत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुतागद्दीला तीनशे वर्षं पूर्ण झाली, तेव्हा लाखो भाविकांसाठी नांदेडनं रस्ते, पूल, घाट, विमानतळ, निवास सगळं उभं केलं. त्याच काळात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांसाठी घरकुलंही झाली. नांदेड-वाघाळा महापालिका तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती. लाखोंच्या मुक्कामाचं नियोजन जिला जमलं, तिला दरवर्षी जूनमध्ये ठरलेल्या वेळी येणाऱ्या पोरांच्या मुक्कामाचं जमणार नाही, असं मानायला काहीच आधार नाही.

काय करता येईल, तेही फार अवघड नाही. महापालिकेकडे मालमत्ता कराची नोंद आहे, नळजोडण्यांची नोंद आहे, अग्निशमन विभाग आहे. दहावीचा निकाल लागला की श्यामनगरात आणि उद्योग भवनात महिनाभर एक खिडकी उघडावी. तिथे खोल्यांची यादी असावी: भाडं किती, कॉट किती, पाणी कुठलं, जिने किती, अॅडव्हान्स किती आणि परत कधी. मालकांना नोंदणीसाठी करात थोडी सूट द्यावी. एका पानाचा मराठी करार छापून ठेवावा, ज्यावर बापाची सही होईल आणि पोराचं नाव येईल. स्वाधारमधले निवासाचे पैसे त्या यादीतल्या खऱ्या भाड्याला जोडावेत, आणि ते जूनमध्येच हातात पडावेत. आई सोबत राहणार असेल तर करारात तिचंही नाव लिहावं. उमरखेडहून सकाळच्या एसटीनं आलेल्या बापानं एजंटला फोन लावायच्या आधी त्या खिडकीपाशी यावं आणि दुपारच्या उन्हाआधी हातात कागद घेऊन खोलीची किल्ली मागायला जावं.